हातात गप्प बसलेला पक्षी शांत असतो का?

मालवण तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आहे. घरात त्या, त्यांचे यजमान, सासूबाई आणि आठवीतली मुलगी. मुलीच्या हट्टाखातर गेल्या वर्षी त्यांनी कोल्हापूरहून झेब्रा फिंचची एक जोडी आणि बेंगालीज फिंचची एक जोडी आणली. पिंजरा पडवीत असतो. यंदा गणपतीला मुंबईहून दीर-जाऊ आणि त्यांची मुलं आली. एका दुपारी मोठी माणसं जेवून आडवी झालेली असताना मुलांनी चारही पक्षी बाहेर काढले, हातात घेतले, फोटो काढले. झेब्रा नर सुटला, भिंतीवर आपटला आणि पुन्हा पकडला गेला. झेब्रा मादीच्या शेपटीची पिसं मुठीत आली.

त्याला आता दोन आठवडे होत आले. नराचं गाणं बंद आहे आणि तो दिवसाचा बराच वेळ पिंजऱ्याच्या तळाशी पिसं फुगवून बसतो. बाकी तिघं खातात-पितात, पण दाणा घालायला हात आत गेला की जाळीवर धडका देतात. यजमान म्हणतात, रोज थोडा वेळ हातात घेतलं की भीती मोडेल, त्यांच्या लहानपणचा पोपट असाच माणसाळला होता. सासूबाईंचं म्हणणं, नाहीतरी मुके जीव झुरतायत, सोडून द्या, पुण्य लागेल. मुलगी चुलत भावंडांशी फोनवरही बोलत नाही. दिवाळीत तीच मंडळी पुन्हा येणार आहेत. ताई विचारतात, “हाताळायचं की सोडून द्यायचं? आणि पक्ष्यांना हात लावायचा नाही असं घरच्याच मुलांना सांगणं म्हणजे मी फार ताणतेय का?”

ताई, तुमच्या तिन्ही प्रश्नांकडे येतेच. पण आधी नराबद्दल, कारण त्याच्या बाबतीत थांबायला वेळ नाही.

चौघांनाही एकच दुखणं आहे, त्यांनी धसका घेतलाय, असं तुम्ही धरून चाललात. मादीच्या आणि बेंगालीज जोडीच्या बाबतीत ते मला पटतं, नराच्या बाबतीत पटत नाही. हाताळणीचा धक्का मोठा असला तरी पक्षी मुळात धड असेल तर त्याचा श्वास तासाभरात जागेवर येतो आणि त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, तो दाणे टिपायला लागतो. बिचकणं पुढे कितीतरी दिवस टिकू शकतं. पण बिचकलेला पक्षी वरच्या दांडीवर अंग चोपून, मान ताणून बसतो. भर दिवसा तळाशी दोन्ही पायांवर फुगून बसणं, डोळे अर्धवट मिटणं ही आजाऱ्याची बैठक आहे. पक्ष्याच्या शरीराचं तापमान ४१-४२ अंश सेल्सियसच्या घरात असतं. ते टिकवायला अंगातली शक्ती पुरेनाशी झाली की तो पिसं फुगवून ऊब धरून ठेवतो. तो भिंतीवर आपटलाय, म्हणजे आत मार लागलेला असू शकतो. दुसरी शक्यता अशी की अंगात आधीच दबून असलेलं एखादं दुखणं ताणामुळे वर आलं असेल. ताणाने रोगप्रतिकारशक्ती खाली येते, हे पक्ष्यांनाही चुकलेलं नाही.

लहान पक्षी आजार लपवतात, कारण थव्यात अशक्त दिसणारा आधी उचलला जातो. त्यामुळे आपल्याला दिसायला लागेपर्यंत दुखणं बरंच पुढे गेलेलं असतं. झेब्रा फिंचचं सगळं वजन १२ ग्रॅमच्या आसपास. अंगावर साठा असा काही नसतो, एक दिवस खाणं तुटलं तरी जिवावर बेततं.

म्हणून हे वाचून झाल्यावर लगेच एक करा. पिंजऱ्यापासून लांब उभ्या राहून त्याचा मोबाइलवर दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ घ्या. श्वासाबरोबर शेपटी वर-खाली होतेय का, चोच उघडी राहतेय का, एक पंख लोंबतोय का, हे त्यात दिसू द्या. तळाला पांढरा कागद घालून सकाळपर्यंतची शीट त्यावर जमू द्या. निरोगी फिंचच्या शीटेत गडद, घट्टसा भाग आणि त्यावर पांढरं असतं. ती पातळ, हिरवी किंवा जवळजवळ नुसती पांढरी असेल तर तो कागदच डॉक्टरांकडे न्या. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गाई-म्हशी आणि शेळ्यांचा राबता असतो. तिथले डॉक्टर मदत करायला तयार असतील, पण आधी फोनवर विचारा की बारा ग्रॅमच्या पक्ष्याला औषध देण्याची सवय आहे का. नसेल तर गोव्यात किंवा कोल्हापुरात पिंजऱ्यातले पक्षी बघणारे कोण आहेत ते त्यांनाच विचारा. तुम्हाला गोवा जवळ पडेल. पक्ष्यांच्या दुकानात मिळणारी प्रतिजैविकाची पूड पाण्यात कालवून देऊ नका. हळदीचं पाणी किंवा ब्रँडीचा थेंबही नको. चोच उघडून पाणी तर मुळीच सोडायचं नाही, ते श्वासनलिकेत गेलं की पक्षी तिथल्या तिथे गुदमरतो.

डॉक्टर मिळेपर्यंत त्याला ऊब आणि निवांतपणा एवढंच द्यायचं. लहान पिंजरा किंवा जाळीचं झाकण असलेला खोका घ्या. दांडी तळापासून बोटभर उंचीवर ठेवा, दाणा-पाणी तिच्या शेजारी खालीच. खोक्याच्या एका बाजूला बाहेरून चाळीस वॅटचा जुन्या पद्धतीचा पिवळा बल्ब लावा. आतलं तापमान तीस अंशांच्या आसपास असू द्या आणि दुसरी बाजू थंडच राहू द्या, म्हणजे नको झालं की त्याला सरकता येईल. बल्बला कापड टेकता कामा नये. वीज गेली तर गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून खोक्याला बाहेरून टेकवा. मादीला त्याचा आवाज येईल इतकं अंतर ठेवा. आजारी पक्षी वेगळा ठेवावा हे बरोबरच, पण जोडीदाराच्या हाकेपलीकडे नेलात तर त्याचा ताण वाढेल. झेब्रा फिंचची जोडी एकमेकांना दिवसभर हाका देत असते.

डॉक्टरांकडे नेण्यासाठी त्याला एकदा पकडावं लागेल. तेव्हा पिंजऱ्यात हात घालून पाठलाग करायचा नाही. संध्याकाळी किंवा खिडक्यांचे पडदे ओढून खोली अंधारी करा. छताचा पंखा बंद आहे ना ते स्वतः पाहा, कारण सुटलेल्या पक्ष्याला घरात सगळ्यात मोठा धोका फिरत्या पंख्याचा असतो. मांजर असेल तर ते दुसऱ्या खोलीत कोंडा. पिंजऱ्यातल्या दांड्या आधीच काढून घ्या. पक्षी कुठे बसलाय ते बघून ठेवा, दिवा घालवा आणि मऊ सुती फडक्याने वरून अलगद झाका. दचकला नाही तर फिंच अंधारात सहसा उडत नाही. त्याची पाठ तळहाताला टेकू द्या, मान तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मध्ये सैल राहू द्या, बाकीची बोटं पंखांवरून नुसती वळवा. पक्ष्यांच्या पायात कडी घालणारे अभ्यासक पक्षी असाच धरतात. छाती दाबली जाता कामा नये. पक्ष्याला आपल्यासारखा श्वासपटल नसतो, त्याचा श्वास छातीचं हाड पुढे-मागे हलण्यावर चालतो. नाक-तोंड मोकळं असूनही मुठीत घट्ट धरलेला पक्षी गुदमरतो तो यामुळेच. दोन प्रयत्नांत जमलं नाही तर थांबा, तासाभराने बघा.

प्रवासाला भोकं पाडलेला लहान पुठ्ठ्याचा खोका पुरे. तळाला सुती कापड, थोडा दाणा आणि पाण्याऐवजी काकडीची चकती ठेवा. घाटरस्त्याला पाणी सांडून पक्षी भिजतो, काकडीने ओलावा मिळतो आणि अंगही कोरडं राहतं. निघण्याआधी रिकामा खोका आणि मग पक्ष्यासकट खोका असं डिजिटल काट्यावर तोला. ते वजन डॉक्टरांना औषधाचं प्रमाण ठरवताना लागेल.

आता यजमानांचा प्रश्न. पोपटाबद्दल ते जे सांगतात ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं आहे, मी ते खोडत नाही. (देशी पोपट पाळायला आता कायद्याने बंदी आहे, हे जाता जाता.) पण तो पोपट बहुधा पिल्लू असताना घरात आला असेल आणि माणसाच्या हातून घास घेत वाढला असेल. तुमचे फिंच त्यांच्या आईबापांनी भरवून वाढवलेले आहेत. अगदी पिल्लापासून हाताने भरवलेला फिंच बोटावर येतोही. मोठा झालेला फिंच हाताळून माणसाळत नाही, आणि त्याचा तो दोष नाही.

असं बघा. झाडावरच्या वीतभर पक्ष्याचं सगळं अंग एका झटक्यात आवळलं जातं ते फक्त शिकारी पक्ष्याच्या, मांजराच्या किंवा सापाच्या तावडीत. त्याच्या शरीराला दुसरा अर्थ ठाऊक नाही. मूठ मिटली की काही सेकंदांत हृदयाचे ठोके प्रचंड वाढतात. मिनिटांच्या हिशेबात कॉर्टिकोस्टेरोन नावाचं ताणाचं संप्रेरक रक्तात चढायला लागतं. ते इतक्या लवकर चढतं की पक्ष्यांच्या ताणावर काम करणारे संशोधक पकडल्यापासून तीन मिनिटांच्या आत रक्ताचा थेंब घ्यायची धडपड करतात, कारण पुढचं मोजमाप पकडण्याच्याच धक्क्याचं निघतं. फोटो काढायला मुलांना किती वेळ लागला असेल याचा अंदाज तुम्हीच करा.

सगळ्यात जास्त फसगत होते ती पुढच्या गोष्टीत, आणि यजमानांना हा भाग मुद्दाम वाचून दाखवा. धडपड करणारा पक्षी थोड्या वेळाने हातात गप्प होतो. आपल्याला वाटतं, बघा, ओळखायला लागला. खरं तर सुटकेची आशा संपली की शरीर निपचित होतं. शिकाऱ्याची पकड क्षणभर सैल होईल या शेवटच्या शक्यतेसाठीची ती युक्ती आहे. खात्री करायची असेल तर हात उघडून बघण्याची गरज नाही, पिंजऱ्याकडे बघा. ज्या पक्ष्याला माणसाची भीती नाही तो माणूस दोन हातांच्या अंतरावर उभा असताना खातो, पिसं साफ करतो, आंघोळ करतो, एका पायावर डुलकी घेतो. तुमचे तिघं हात दिसताच धडका देतात. त्यांना रोज पकडलं तर त्यांना एवढंच कळेल की हे रोज होतं.

तेव्हा हाताळणं बंद. नखं वाढली, पाय दोऱ्यात अडकला, डॉक्टरांकडे न्यायचं आहे, एवढ्यापुरतंच पकडायचं. मग सावरायला मदत कशी करायची? मला विचाराल तर यातलं निम्मं काम पिंजऱ्याच्या जागेचं आहे.

पडवीत येणारं-जाणारं माणूस पिंजऱ्याच्या चारही बाजूंनी जातं. शिवाय मांजर, उंदीर, पावसाळ्यात आडोशाला येणारी धामण. रात्री नुसत्या चाहुलीनेही फिंच अंधारात उधळतात आणि जाळीवर आपटून मरतात. पिंजरा आतल्या खोलीत घ्या. मागे भिंत, डोळ्यांच्या उंचीवर किंवा थोडा वर, सकाळचं कोवळं ऊन येईल पण झड येणार नाही अशी जागा. स्वयंपाकघर नको. चुलीचा धूर तर वाईटच, पण नॉनस्टिक तवा रिकामा तापला की त्यातून निघणारा वायू आपल्याला जाणवतही नाही आणि पिंजऱ्यातले पक्षी त्याने मरतात. देवघराशेजारीही नको, धूप-उदबत्ती आणि कापूर त्यांच्या फुप्फुसांना झेपत नाही. मच्छर अगरबत्ती तर त्या खोलीत लावूच नका.

सध्या पिंजऱ्याच्या तीन बाजू जुन्या सुती साडीने झाका, पुढची एक उघडी ठेवा. लपायला जागा आहे हे कळलं की पक्षी कमी लपतो. आत एका कोपऱ्यात पेरूची किंवा जास्वंदीची पानांसकट फांदी बांधा, फवारणी न झालेली, धुतलेली. कण्हेरीची फांदी चुकूनही नको, ती विषारी आहे. रात्री दहा-बारा तास झोप मिळाली पाहिजे, टीव्हीच्या खोलीत ती मिळत नाही. रात्रभर झिरोचा दिवा असू द्या म्हणजे दचकून उडाला तरी दांडी दिसेल. तुमचा पिंजरा गोल, उंच असेल तर बदलायचा विचार करा. फिंच वर-खाली उडत नाहीत, आडवे उडतात. दोन जोड्यांना चार फूट लांबीचा पिंजरा मला योग्य वाटतो. पण तो बदल आत्ता नको, सगळे सावरल्यावर.

मादीच्या शेपटीची काळजी करू नका. मुळासकट गेलेलं पीस साधारण महिना-दीड महिन्यात पुन्हा येतं. मोडून अर्धं राहिलेलं पीस मात्र पुढच्या पिसं गळण्यापर्यंत तसंच राहतं, ते उपटायचं नाही. नव्या पिसाच्या नळीत रक्त असतं. ते तुटून रक्त येत असेल तर मक्याच्या पिठाची चिमूट दाबून धरायची, थांबलं नाही तर डॉक्टर. पिसं येताना प्रथिनं लागतात. उकडलेल्या अंड्याचा चमचाभर चुरा आठवड्यातून दोन-तीनदा द्या, पण आपल्या हवेत तो दोन तासांत काढून टाका. राळे, वरी आणि बाजरी हा रोजचा दाणा. पावसाळ्यात दाण्याला बुरशी धरते आणि ती पक्ष्यांच्या श्वासमार्गात घर करते, म्हणून थोडाच आणा, वास घेऊन बघा, ऊन पडेल तेव्हा वाळवा. चुन्यासाठी समुद्रफेस विकत आणायची गरज तुम्हाला नाही. पावसाळा सरता सरता किनाऱ्यावर माकुलांचे पांढरे फेस वाहून आलेले सापडतात. गोड्या पाण्यात तीन-चार दिवस, रोज पाणी बदलत, भिजत घाला, कडक उन्हात वाळवा आणि जाळीला अडकवा. पिंजऱ्यात मडकं टांगलेलं असेल तर त्यात झोपू द्या, पण काथ्या-गवत सध्या देऊ नका. या अवस्थेत मादी अंड्यावर येणं तिच्या जिवाला धोक्याचं आहे.

उरलेलं निम्मं काम तुमच्या मुलीचं. तिला पक्ष्यांची माया आहे आणि सध्या ती माया रागात अडकलीय. तिला रोज ठरावीक वेळी, शाळेतून आल्यावर म्हणा, पिंजऱ्यापासून इतक्या अंतरावर बसू द्या की पक्षी आपलं काम चालू ठेवतील. ते अंतर तिनेच शोधायचं. पक्षी चोपले, गप्प झाले की ती फार जवळ आलीय. टक लावून समोरून बघायचं नाही, थोडं तिरकं बसून अभ्यास करायचा, हळू आवाजात वाचायचं. दोन-चार दिवसांनी खुर्ची थोडी पुढे. दाणा-पाणी एकाच माणसाने, एकाच वेळी, आधी आवाज देऊन, सावकाश द्यायचं. हात आत घालावा लागू नये अशी बाहेरून भरायची भांडी लावा. पुढे कधीतरी राळ्याचं कणीस जाळीतून आत धरून ती बसेल आणि मादी येऊन दाणा ओढेल. कदाचित नाहीही येणार. यायला हवीच अशी अट घालू नका, मुलीलाही घालू देऊ नका.

तिने एक वही ठेवावी. कोण कधी खातं, आंघोळ कधी केली, गाणं आहे का. झेब्रा फिंचमध्ये गातो तो नर. लहानपणी बापाचं किंवा जवळच्या मोठ्या नराचं ऐकून तो आपलं एक गाणं बसवतो आणि जन्मभर तेच गातो. माणसाचं मूल बोलायला कसं शिकतं हे समजून घ्यायला शास्त्रज्ञ या पक्ष्याचा मेंदू अभ्यासतात. २०१० साली कोंबडीनंतर ज्याचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला तो दुसरा पक्षी हाच. मुलीला हे सांगा. नर बरा व्हायला लागला तर आधी तो दांडीवर चढेल, मग पिसं साफ करेल, आणि गाणं बहुधा शेवटी परतेल. तोवर त्याच्या जागी मोबाइलवर दुसऱ्या फिंचचं गाणं वाजवून दाखवू नका. अनोळखी नर घरात आलाय असंच त्याला वाटेल.

सासूबाईंच्या म्हणण्यामागची कणव मला कळते आणि ती खोटी नाही. भाताच्या खाचरांत त्या वर्षानुवर्षं मुनियांचे थवे बघत आल्या असतील. हे त्यांच्यात मिसळतील असं त्यांना वाटत असणार. त्यांना सांगा, झेब्रा फिंच मूळचा ऑस्ट्रेलियातल्या कोरड्या, गवताळ मुलखातला. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. बेंगालीज फिंचचं रानातलं नातं पांढऱ्या पाठीच्या मुनियेशी आहे आणि ती मुनिया कोकणातही दिसते. पण बेंगालीज स्वतः जपानात कित्येक पिढ्या पिंजऱ्यात वाढवून घडवलेला पक्षी आहे, रान त्याला ठाऊक नाही. पिंजऱ्यात जन्मलेल्या पक्ष्याला शिक्र्यासारखा शिकारी पक्षी ओळखता येत नाही, दाणा कुठे शोधायचा ते कळत नाही. सोडलेले पक्षी आपल्याला परसात दिसत नाहीत म्हणून ते सुखरूप उडून गेले असं वाटतं. बहुतेक दोन-चार दिवसांत मेलेले असतात. आणि घरच्या पक्ष्यांचं एखादं दुखणं रानातल्या थव्यांत गेलं तर ते वेगळंच पाप. पक्षी सांभाळणं नकोच झालं असेल तर ज्यांच्याकडे मोठा जाळीचा दालनपिंजरा आहे अशा जाणत्या माणसाला जोड्या न फोडता द्या. उलट बाजूने कुणी रानातली मुनिया पकडून “ही घ्या जोडीला” म्हणालं तर घेऊ नका. वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ खाली तो गुन्हा आहे.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, जो मला वाटतं तुम्हाला सगळ्यात जास्त टोचतोय. पाहुण्या मुलांना नाही म्हणणं म्हणजे पाहुणचारात कमी पडणं, असं तुम्ही मनाशी धरलंय. पण तुमच्याच घरात अंड्यांवर बसवलेल्या कोंबडीच्या टोपलीत मुलं हात घालायला गेली तर सासूबाई काय करतील? ओरडतील, आणि जाऊबाईंना त्याचं वाईट वाटणार नाही, कारण त्या टोपलीला हात लावायचा नसतो हे घरातल्या सगळ्यांना माहीत आहे. पिंजऱ्याबद्दल तसा नियम तुमच्या घरात अजून झालेला नव्हता, एवढंच घडलं. मुंबईची मुलं दुष्टपणे वागली नाहीत. पक्षी हातात घ्यायचा असतो असं त्यांनी मोबाइलवर शंभरदा पाहिलेलं असणार. आणि मोठी माणसं झोपलेली होती.

हे तुमच्या मुलीलाही सांगावं लागेल, पण तिचा राग चूक आहे असं सुचवून नको. तिच्या पक्ष्यांना इजा झालीय, तिला राग येणारच. भावंडांनी काय केलं आणि का केलं या दोन गोष्टी तिला वेगळ्या करता आल्या की पुरे. नर वाचला नाही, आणि तीही शक्यता आहे, तर “त्यांनी मारला” हे वाक्य त्या घरात वर्षानुवर्षं राहील. ते आत्ताच अडवा. तसं झालंच तर मादीला एकटी ठेवू नका, बेंगालीज जोडीबरोबरच राहू द्या. नवा नर घाईने आणू नका, आणाल तेव्हा महिनाभर वेगळ्या खोलीत ठेवून मगच जवळ न्या.

दिवाळीच्या आधी जाऊबाईंना तुम्ही फोन करा. भावोजींमार्फत निरोप नको, यजमानांकडून तर नकोच, बायका-बायकांत हे सरळ बोलता येतं. पक्षी आजारी पडले हे सांगा, आत्तापर्यंत सांगितलं नसावं असं पत्रावरून वाटतं. मग म्हणा, “डॉक्टरांना दाखवतोय. यापुढे त्यांना कुणीच हात लावायचा नाही असं ठरवलंय, आम्हीपण नाही. मुलांना गाडीतच सांगून ठेवा.” “आम्हीपण नाही” हे महत्त्वाचं. नियम फक्त पाहुण्यांना लावला की तो टोमणा होतो. मुलं आली की त्यांना काम द्या. राळे पाखडू द्या, किनाऱ्यावरून समुद्रफेस आणू द्या, वहीत नोंदी करू द्या, लांबून चित्र काढू द्या. माफी मागायला लावू नका. तुमच्या मुलीने त्यांना अंतर कसं ठेवायचं ते शिकवलं तर दोघांचंही निभावेल. आणि पिंजऱ्याच्या दाराला एक लहान कुलूप लावून टाका, त्यात कुणाचा अपमान नाही.

फटाक्यांसाठी आधीच तयारी करा. नरकचतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळीच पिंजरा घरातल्या सगळ्यात आतल्या खोलीत न्या, दारं-खिडक्या लावा, कापड टाका, दिवा मंद ठेवा. नुसती गाणी मोठ्याने लावून आवाज दाबता येत नाही, पण पंख्याची किंवा रेडिओची हलकी, सलग कुजबुज धमाक्याची धार थोडी कमी करते. पहिला बार उडाल्यावर पिंजरा हलवायला जाऊ नका, तेव्हा जिथे असेल तिथेच राहू द्या. आणि नराचं काय झालं ते मला जरूर कळवा. शीटेचा कागद मात्र आज रात्रीच घाला.